ताकाच्या पेल्यावरचा शब्द

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वीरकाव्याचा पेपर माझ्या वाट्याला आला तो काही माझ्या विद्वत्तेमुळे नाही. तो कुणालाच नको होता. हैदराबादेत कोठीजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात मी नुकतीच लागले होते. नाटक एका ज्येष्ठ बाईंनी धरून ठेवलेलं, कादंबरी त्यांच्या मैत्रिणीकडे, आधुनिक कविता खुद्द विभागप्रमुखांकडे. उरलं अँग्लो-सॅक्सन. प्रमुख म्हणाले, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला झेपेल. तरुण असण्याचा आणि त्या अगम्य भाषेचा संबंध काय, ते मला निवृत्त झाल्यावरही कळलेलं नाही.

आमचं घराणं मराठवाड्याकडचं, शेतकऱ्याचं. आजोबा निजामाच्या काळात गाव सोडून इथे आले, वडिलांनी सरकारी खात्यात नोकरी केली आणि मलकपेठेत दोन खोल्यांचं घर बांधलं. मी त्याच घरात वाढले आणि अजून तिथेच राहते. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवालीशी तेलुगू. इंग्लंड मी आजवर पाहिलेलं नाही. अशा बाईने त्या थंड, ओल्या देशातल्या योद्ध्यांची काव्यं शिकवायची होती. पहिल्या वर्षी मी फळ्यावर तारखा लिहिल्या, ओळीच्या मधोमध श्वासापुरती जागा सोडून एकाच अक्षराचा आवाज दोन्हीकडे कसा ठोकतात ते बाक बडवून दाखवलं. मुली छान झोपल्या.

पण मला स्वतःला ती काव्यं हळूहळू लागायला लागली होती. त्यांतली लढाई मला फारशी भावली नाही. आवडलं ते लढाईच्या आधीचं. लाकडी दिवाणखाना, मधोमध जाळ, बाकांवर बसलेली माणसं. घरधनीण स्वतः मद्याचा पेला घेऊन फिरते, आधी राजाला देते, मग मानाप्रमाणे एकेकाला. ज्याच्या हातात पेला येतो तो उभा राहतो आणि मी अमुक करीन, असं सगळ्यांदेखत सांगतो. आपल्याला ती बढाई वाटते. ती बढाई नसते. पेला हातात असताना बोललेला शब्द ऐकणाऱ्यांचा होतो. तो पुरा केला नाही तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि पुरा करताना माणूस मेला, तर तिथे नसलेल्यांना ते सगळं सांगायला गाणारा असतो. एवढंच त्या लोकांकडे होतं, आणि एवढ्यावर ते जगत होते.

हैदराबादच्या मुलींना हे शिकवणं म्हणजे कर्मकठीण. आमच्या शहरात कुणी कुणाला ठाम शब्द देत नाही. 'आत्ता आलो' म्हणजे तासाभरात निघेन. 'परसों' म्हणजे परवा, मागचा महिना किंवा लहानपणी, काहीही. आणि 'देखेंगे' म्हणजे तर नाहीच. मी स्वतः याच शहराची, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नव्हता. शेवटी दुसऱ्या वर्षी मी एक युक्ती केली. घरून मोठ्या बरणीत ताक नेलं आणि कल्हई केलेला एक पितळी पेला.

मद्याच्या जागी ताक, हे ऐकूनच मुली हसायला लागल्या. नियम सांगितला: पेला एकच, तो हातोहात फिरणार; जिच्या हातात येईल तिने उभं राहून, या वर्षात मी काय करीन ते एका वाक्यात सांगायचं. 'प्रयत्न करीन' चालणार नाही, 'बघते' चालणार नाही. सगळ्यांनी ऐकायचं, आणि कुणी विसरायचं नाही.

एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. ते लोक एकाच पेल्याला ओठ लावून प्यायचे. त्यातच त्यांचं एकमेकांशी बांधलं जाणं होतं. आमच्याकडे उष्टं कोण पिणार? पहिल्या मुलीने सहजपणे मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि ओठ न लावता धार तोंडात सोडली. दुसरीने तेच, तिसरीने तेच. ब्राह्मणाची असो, मुसलमानाची असो की रेड्ड्यांची, याबाबतीत वर्गात एकमत होतं. काहींचं निम्मं ताक गळ्यावरून ओढणीत गेलं. एवढी भीषण शपथ घेऊन लगेच नाक पुसणारे योद्धे त्या काव्यांत कुठेही नाहीत. पण मला ते फार आवडलं, आणि पुढे मी दरवर्षी त्या पेपराची सुरुवात ताकानेच केली.

काय काय बोलल्या मुली. एक म्हणाली स्कूटर शिकेन, एक म्हणाली आईवर ओरडणार नाही. एकीने सांगितलं, बी.ए. होईपर्यंत लग्न करणार नाही, हे घरी मी स्वतः बोलेन. आणि खरंच बोलली, कारण तिच्या वडिलांनी मला येऊन चार शब्द सुनावले. मी ते ऐकून घेतले. मला तेव्हा वाटायचं, आपण या मुलींना काहीतरी मोठं देतोय. स्वतःच्या थोरवीवर मी जरा खूशच होते.

आता माझं सांगते.

मला एकच भाऊ, दोन वर्षांनी थोरला. तो शिकून पुण्याला गेला, तिथेच स्थिरावला. मी लग्न केलं नाही. आई लवकर गेली, आणि वडिलांची, म्हणजे आमच्या अण्णांची, शेवटची सहा वर्षं माझ्या देखभालीत गेली. त्यांना अंघोळ घालणं, गोळ्या, दवाखाना, चिडणं, रुसणं. मी हे प्रेमाने केलं, पण रागही साठवत होते. दादाचा फोन रविवारी सकाळी यायचा. अण्णा त्यासाठी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून आठ वाजल्यापासून बसायचे. पाच मिनिटं बोलणं व्हायचं आणि पुढचे दोन दिवस थोरल्याचं कौतुक. तो सोमवारी काय म्हणाला असता, मंगळवारी काय म्हणाला असता. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना हे ऐकायची.

अण्णा गेले ते पहाटे, झोपेतच. मी दादाला फोन केला. तो रडला नाही, फक्त म्हणाला, "थांबा. मी येतोय." दुपारी पुण्याच्या विमानतळावरून पुन्हा त्याचा फोन आला, की विमान वेळेवर आहे, साडेपाचच्या आत स्मशानात पोचतो. भटजींनी सूर्यास्ताच्या आधी उरकायला सांगितलं होतं. सूर्यास्ताला पुष्कळ अवकाश होता.

काकांनी मला विचारलं, थोरल्याचं काय? मी म्हणाले, त्याचं काही नक्की नाही, रात्रीचे आठसुद्धा वाजतील.

मी खोटं बोलले. गोंधळात नाही, दुःखाच्या भरात नाही, चांगला विचार करून बोलले. मला दादाची वाट पाहायची नव्हती. सहा वर्षं मी केलं, आणि अग्नी द्यायला हा विमानातून उतरणार, हे मला सहन झालं नाही. काकांनी चुलतभावाचं नाव काढलं, तर मी म्हटलं, मी देते. पाच वाजल्यावर मी अग्नी दिला. पाच वाजून वीस मिनिटांनी दादा आला, हातात प्रवासाची बॅग. चिता चांगली पेटली होती. तो ती बॅग तशीच धरून उभा राहिला.

मला एक शब्दही तो बोलला नाही. दिवस त्याने केले, तेराव्याला जेवून गेला, आणि मग आमच्यात दिवाळीला दोन ओळींचा निरोप एवढंच राहिलं. तो रागावला आहे हे उघड होतं, आणि त्याने रागवावं हेही मला ठीकच वाटत होतं. त्याच्या रागामुळे मला माझं खोटं जड वाटत नव्हतं. इकडे माझं मात्र नाव झालं. मुलगी असून अग्नी दिला, म्हणून कॉलेजात बायकांनी मला मिठ्या मारल्या. एका महिला मंडळाने तर बोलायला बोलावलं. मी गेले आणि बोलले. बायका टाळ्या वाजवत होत्या तेव्हा लाज वाटली, पण थांबावं एवढी नाही वाटली.

त्यानंतर तीन वर्षांनी पेला असाच वर्गात फिरत होता. शेवटच्या बाकावर एक बुरखेवाली मुलगी बसायची. तिच्या अब्बांचं कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचं दुकान. तिने पेला घेतला आणि म्हणाली, "मैं अब्बा के दुकान पे बैठूंगी. गल्ले पे. सबके सामने." त्या घरातली कुणी बाई रस्त्यावर बसली नव्हती. ती ताक प्यायली, ओढणी पुसली, पेला टेबलावर आणून ठेवला आणि खाली न बसता माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, सब बोले. आप नै बोले."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी हसून टाळू शकले असते. बरणीत तळाशी थोडं ताक होतं ते मी ओतून घेतलं आणि उभी राहिले. उभीच होते खरं तर; पण ताठ झाले. डोक्यात आलं होतं ते, की तुमचे निबंध वेळेवर तपासीन. तोंडून निघालं ते वेगळंच. "मी माझ्या भावाला एक खरी गोष्ट सांगीन." पस्तीस मुलींनी ते ऐकलं. कुठली गोष्ट, हे एकीनेही विचारलं नाही.

मग मी काय केलं? काही नाही. आधी परीक्षा आल्या. मग महामारी आली, तेव्हा कोण कुणाकडे जाणार. मग दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग माझी निवृत्ती, पेन्शनचे कागद. दरवेळी मी स्वतःला सांगायची, की एवढं झालं की पुण्याला जायचंच. दरवर्षी मुलींच्या हातात तोच पेला देत होते आणि 'बघते' चालणार नाही, असं बजावत होते. मी किती निगरगट्ट असू शकते, हे मला त्या वर्षांत कळलं.

निवृत्तीनंतर घरात पुस्तकांना जागा उरली नाही. मागच्या हिवाळ्यात मी अँग्लो-सॅक्सनची सगळी पुस्तकं दोन पिशव्यांत भरली, रिक्षा केली आणि कोठीला गेले. जुन्या पुस्तकांच्या रांगेत तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर तीच मुलगी बसली होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. एका गिऱ्हाइकाला वैद्यकीच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीवरून फैलावर घेत होती. मला पाहून उठली, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. अब्बा आता घरीच असतात म्हणाली. पहिले दोन महिने मामूंनी बोलणं टाकलं होतं, मग आपणहून हिशेब विचारायला यायला लागले. तिने सहज सांगितलं. मला मात्र तिचा केवढा अभिमान वाटला.

पिशवीतली पुस्तकं ती एकेक काढून बघत होती. एका पुस्तकावर ताकाचा डाग होता. तो तिने बोटाने चाचपला आणि मान वर न करता विचारलं, "आपका हुआ क्या, मॅडम?"

काय, असं मी विचारलं नाही. तेवढी तरी लाज शिल्लक होती. मी म्हणाले, अजून नाही. काहीतरी कारणंही सांगितली, गुडघ्याचं वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं, पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधला, गाठ मारली. मग म्हणाली, "हम सब सुने थे ना, मॅडम."

तिच्या आवाजात टोचणं नव्हतं, उलट ती मला धीर देत होती. पण मी शिकवलेला धडा मला इतका नीट परत मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी आले आणि चपला न काढताच दादाला फोन लावला. म्हणाले, एक सांगायचंय, फोनवर नाही सांगता येत, मी तिकडे येते. तब्येत बरी आहे ना, एवढं विचारून तो म्हणाला, तू नको, मीच येतो, घर बघून किती दिवस झाले.

आठ दिवसांनी तो सकाळच्या गाडीने आला. जिना चढताना कठड्याला धरत होता. दादा म्हातारा झालेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याचं ते हळूहळू चढणं अगदी अण्णांसारखं होतं. मी अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. ठरवलं होतं, जेवण होऊ द्यायचं, मग बोलायचं. पण पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि लक्षात आलं, आत्ता बोलले नाही तर तो संध्याकाळच्या गाडीने निघून जाईल आणि मी त्याला डब्यात लोणचं भरून देईन. मी तवा उतरवून ठेवला.

"दादा, त्या दिवशी तू साडेपाचच्या आत येणार हे मला माहीत होतं. काकांना मी आठ सांगितले. मला तुझी वाट बघायची नव्हती."

एवढंच वाक्य होतं. ते बोलायला मला अकरा वर्षं लागली होती.

त्याने हातातला घास खाली ठेवला. मी वाट पाहत होते, की आता ओरडेल, आता उठून जाईल. तो उठला नाही. ताटाकडे बघत म्हणाला, "इथल्या विमानतळावर बॅग यायला वीस मिनिटं लागली. मी थांबलो बॅगेसाठी. दोन शर्ट होते तिच्यात अन् एक टॉवेल. मला वाटायचं, भटजींना थांबता आलं नसेल; ती वीस मिनिटं थांबलो नसतो तर गाठलं असतं."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. तो माझ्यावर रागावलेला नव्हताच कधी. माझ्या समोर यायची त्याला लाज वाटत होती. बॅगेसाठी थांबून आपण बापाला मुकलो, असं अकरा वर्षं त्याने मनात धरलं होतं, आणि मी तिकडे टाळ्या घेत होते. मला जे रडू आलं ते त्याला आवरावं लागलं. खरकटा हात तसाच वर धरून त्याने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. चुकलंच माझं, मोठी चूक झाली, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. हौ, चुकलंच तुझं, असं तोही दरवेळी म्हणत होता, आणि थोपटत होता.

भाकरी गार झाली. मी दुसरी करू लागले तर त्याने नको म्हटलं. हात धुऊन आला आणि माझ्यासमोर फरशीवरच बसला, गुडघा दुखत असताना.

"मी त्यांना बघितलंच नाही. चेहरा कसा होता?"

मी सांगितलं. शांत होता, तोंड किंचित उघडं होतं, ते मी पदराच्या पट्टीने बांधलं. डावा डोळा पुरता मिटत नव्हता.

"दाढी?"

"मी केली. हनुवटीखाली जरा कापलं माझ्या हातून. रक्त आलं नाही." ते बोलताना त्या सकाळचा गार साबण माझ्या बोटांना पुन्हा लागला.

"अंगावर काय होतं?"

"तुझा शर्ट. निळ्या चौकड्यांचा, मागच्या खेपेला तू दोरीवर विसरून गेला होतास तो. वर्षभर तोच घालायचे. बाह्या लांब व्हायच्या, मी दोन घड्या घालून द्यायची. त्या दिवशी पण दोनच घातल्या."

दादाने डोळे मिटून घेतले. दुपार झाली होती, खाली कुणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. मग डोळे न उघडता तो म्हणाला, "पुन्हा सांग. पहाटे मला फोन केलास ना, तिथपासून. काही गाळू नको."